60 च्या पुढे बोलेरो रडते, गिअरबॉक्स उतरवू का?

थांबा पावणं, इतक्यात उतरवू नका. 2008 ची बोलेरो, निपाणी-बेळगाव रोजची ये-जा, 60 च्या पुढे मागून ‘ऊंऽऽ’ असा बारीक आवाज, आणि गॅरेजवाला म्हणतोय गिअरबॉक्स खोलू. एवढं तुम्ही लिहिलंय. पण तो आवाज कशाबरोबर वाढतो हे लिहिलेलं नाही, आणि सगळं निदान तिथंच आहे. मी बेळगावच्या उद्यमबागेत हाउसिंगची (मागच्या चाकांमधला डिफरेन्शियलचा गोळा) आणि गिअरची कामं करतो. गिअरबॉक्स उतरवून, सगळे बेअरिंग बदलून, तोच आवाज घेऊन परत आलेल्या गाड्या आमच्याकडे येतच असतात.

आधी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. आवाज आला तर तो बहुतेक इंजिनच्या पुढच्या बाजूचा: अल्टरनेटरचं बेअरिंग, वॉटर पंप, टेन्शनरची पुली, नाहीतर पॉवर स्टेअरिंगचा पंप. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज वाढत असेल तर आधी त्याचं ऑइल बघा, कमी असेल. काहीजण पट्टा काढून इंजिन चालू करून बघतात. ते चालतं, पण काही सेकंदच, कारण पट्टा नसला की पाणी फिरत नाही. आणि तशी गाडी रस्त्यावर काढू नका. डिझेलच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. पट्टा गेला की ब्रेक दगडासारखा कडक.

उभ्या गाडीत आवाज नाही? मग रस्त्यावर. संकेश्वरच्या अलीकडे-पलीकडे सरळ सपाट पट्टा आहे, मागंपुढं कोणी नाही बघून 60-70 ला क्लच दाबा. इंजिन खाली आलं तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाकाच्या वेगाचा आहे, म्हणजे हाउसिंग, चाकाचे बेअरिंग, टायर, नाहीतर गिअरबॉक्स (गिअर टाकलेला असला की तोही चाकांबरोबर फिरतो). टायर ओळखायला सोपा. शहरातल्या काँक्रीटवर एक सूर, हायवेच्या डांबरावर दुसरा. पुढचे टायर मागे टाकले की आवाजही जागा बदलतो. चाकाचं बेअरिंग असेल तर वळणावर कळतं. उजवीकडे वळताना डाव्या चाकांवर भार येतो. तेव्हा घरघर वाढली तर डावीकडचं बघा.

आता तुमच्या गाडीतली खरी परीक्षा. मागची चाकं फिरवणाऱ्या अशा पाच गिअरच्या गाडीत चौथा गिअर बहुतेक ‘डायरेक्ट’ असतो. ताकद मेन शाफ्टमधून सरळ मागे जाते, खालच्या शाफ्टच्या गिअरवर लोड येत नाही. तेव्हा 60 चाच वेग धरून तिसरा, चौथा, पाचवा असे तिन्ही टाकून बघा. तिसऱ्यात आणि पाचव्यात रडते आणि चौथ्यात गप्प होते, तर गिअरबॉक्स. तिन्हीत सारखीच रडते, तर गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

तिन्हीत रडत असेल तर वंटमुरी घाटात कान द्या. चढाला ॲक्सिलेटर दाबलेला असताना रडते आणि पाय काढला की थांबते, किंवा नेमकं उलट, तर क्राऊन-पिनियनची, म्हणजे हाउसिंगमधल्या एकमेकांत बसणाऱ्या दोन गिअरची, जुळणी बिघडलीय. दाब असो-नसो एकसारखी घरघर, तर बेअरिंग. (हे करताना डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल करू नका. आपल्याकडे ही खोड फार आहे. गाडी गिअरमध्येच ठेवून नुसता पाय काढायचा.)

हाउसिंग खोलायच्या आधी त्याचं ऑइल काढून बघा. खानापूर-जांबोटीकडं पावसात ओढ्यातून गाडी घातलेली असेल तर गरम हाउसिंग थंड पाण्यात पडताच ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) आणि सीलमधून पाणी आत ओढतं. मग ऑइल पांढरट होतं आणि बेअरिंग गंजतात. काढताना बोटांवर चोळून बघा. राखाडी बारीक गाळ चालतो. चमकणारे तुकडे लागले तर खोलणं आलंच. कोणी 140 नंबरचं जाड ऑइल घालून आवाज दाबतो म्हणाला तर नको म्हणा. दाबल्यावर काही दिवस गप्प बसते, पण आत झीज चालूच राहते. त्या हाउसिंगला जीएल-5 दर्जाचंच गिअर ऑइल लागतं, कारण क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत चालतात आणि साधं ऑइल तिथं टिकत नाही.

क्राऊन-पिनियन बदलायची वेळ आली तर जोडीच बदला. दोन्ही एकत्र घासून जुळवलेले असतात. एक नवा आणि एक जुना घातला की नवीनच आवाज सुरू. भंगारातून घेत असाल तर दोन्हीचे दात मोजा, जुन्याइतकेच असले पाहिजेत. आणि शिम (पातळ चकत्या) लावून दातांमधली फट मोजणारा माणूस शोधा, हातानं हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणारा नको.

तिन्ही गिअरचं काय होतंय ते कळवा. चौथ्यात गप्प असेल तर तुमच्या गॅरेजवाल्याचं बरोबर आहे, खुशाल उतरवू द्या.