‘सगळं प्रभूवर सोपवलंय, मग झोप का येत नाही?’

बाई पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक शंभरपानी वही होती. मला वाटलं, बोलायचे मुद्दे लिहून आणले असतील. शिक्षकी पेशातली माणसं असं करतात. वही उघडली तर आत पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वजन, पाणी, रक्तदाब. आठ महिन्यांतला एकही दिवस कोरा नव्हता आणि सगळं अक्षर एकाच हातचं.

“आमच्या सरांचं आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस,” त्या म्हणाल्या. मग वही मिटून मांडीवर ठेवली. “ताई, मी सगळं प्रभूवर सोपवलंय. रोज सकाळी सोपवते. मग रात्री झोप का येत नाही? माझ्या विश्वासातच खोट आहे का?”

ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न मला वारंवार येतो. कुणी नोकरीबद्दल विचारतं, कुणी मूल होत नाही म्हणून, कुणी दारूड्या मुलापायी. पण हिशेब तोच: सोपवलं असेल तर भीती जायला हवी, भीती गेली नाही, म्हणजे सोपवलंच नाही. मग माणूस आधीच्या दुःखावर अपराधीपणाचं दुसरं ओझं चढवून घेतो. बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. नगरकडचं कुटुंब, दोघंही निवृत्त शिक्षक, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी माणसं. बाई महिला मंडळाच्या चिटणीस. आमच्याकडे निवृत्त शिक्षिकेला कुणी नावाने हाक मारत नाही, म्हणून इथेही बाईच.

डायलिसिसच्या घरात राहिलं नाही त्याला त्या वहीचा अर्थ कळणार नाही. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चारेक तास सुई टोचून यंत्राला जोडलेलं राहायचं. मधल्या दिवसांत लघवी जवळजवळ होत नाही, म्हणून प्यायलेला प्रत्येक घोट अंगात साठतो. बाई सकाळी एक बाटली भरून ठेवत, त्यातच सरांचा दिवस. चहासुद्धा त्यातलाच. सर चोरून पाणी प्यायचे आणि दुसऱ्या दिवशी वजनकाटा चुगली करायचा. चाळीस वर्षं ज्या माणसाला ‘अहो’ म्हटलं, त्याच्यावर एका ग्लासासाठी ओरडायचं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचं. सरांच्या हातावर फिस्टुला होता. रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने जोडलेल्या. त्यावर बोट ठेवलं की मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते. ती थांबली तर रक्त गोठलं असं समजायचं. बाई रात्री दोन-तीनदा उठून सरांच्या हातावर बोट ठेवत. “झोप का येत नाही” याचं अर्धं उत्तर इथेच होतं. त्या झोपतच नव्हत्या, पहारा करत होत्या.

झोप, भूक आणि जगण्याची इच्छा हे मी पहिल्याच भेटीत विचारते. तिसऱ्या प्रश्नावर त्या जरा थांबल्या. “देवाने दोघांनाही एकदम न्यावं असं वाटतं कधी कधी. आपण करून घेण्याचं नाही हो, तसलं काही नाही.” विश्वासू माणूस मरणाची इच्छा प्रार्थनेच्या भाषेत सांगतो, त्यामुळे ती ऐकणाऱ्याच्या कानावरून सहज निसटते. मी त्यांना त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. थोडी औषधं सुरू झाली, साखरही तपासून झाली. त्या कुरकुरल्या, पण गेल्या.

तिसऱ्या भेटीत खरं काय घडलं होतं ते बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी गावात एका बाहेरच्या उपदेशकाची सभा झाली होती. सरांच्या डोक्यावर हात ठेवून त्याने सगळ्यांसमोर विचारलं, “विश्वास कुणावर? यंत्रावर की देवावर?” लोकांनी ‘हालेलुया’ म्हटलं. बाईंनी तो शनिवार चुकवला. घरी उपास केला, गुडघ्यांवर राहिल्या. रविवारी रात्री सरांना आडवं पडता येईना, श्वास लागला, फुप्फुसांत पाणी चढलं होतं. रात्रीच दवाखाना, तातडीचं डायलिसिस, वाचले. “मशीनकडे नेलं तर विश्वास कमी, नाही नेलं तर मीच मारलं असतं,” बाई म्हणाल्या. “मग मी करायचं तरी काय?”

मला त्या उपदेशकाचा राग आला आणि तो मी लपवला नाही. समुपदेशकाने तटस्थ राहावं म्हणतात. चुकवलेल्या डायलिसिसबाबत मला ते जमत नाही. बाईंना शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ, म्हणून शास्त्रातलंच विचारलं. मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी टाक, दूत तुला झेलतील, हे येशूला कोण म्हणालं? सैतान. आणि येशूने उत्तर काय दिलं? देवाची परीक्षा पाहू नको. उडी मारून दाखवण्याला त्याने भरवसा म्हटलेलं नाही. प्रेषित पौलाबरोबर तर वैद्य लूक होता, कलस्सैकरांच्या पत्रात पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. विश्वासात आलास आता वैद्यकी सोड, असं पौलाने त्याला सांगितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

बाई हसल्या नाहीत. वाद जिंकून कुणाचं मन हलकं होत नाही, हे मलाच परत शिकावं लागलं.

म्हणून पुढच्या भेटीत मी कमी बोलले. म्हटलं, “बाई, क्रुसावर जाण्याआधीच्या रात्रीचा गेथशेमाने बागेचा प्रसंग पाचवीच्या वर्गाला सांगताय असं समजून मला सांगा.” त्या खुलल्या. प्रभू बागेत गेला, पालथा पडून प्रार्थना केली, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असं म्हणाला, मग शिपाई आले.

“किती वेळा प्रार्थना केली?”

“तीनदा.”

“तेच शब्द?”

“तेच शब्द.”

“म्हणजे एकदा सोपवून भागलं नाही त्याचं.”

त्या गप्प. मग त्यांनीच भर घातली की घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, लूकने लिहिलंय. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणणारा आणि भीतीने घामेजलेला माणूस एकच, रात्रही तीच. घाम फुटला म्हणून त्याचं सोपवणं खोटं होतं, असं म्हणायला बाईंची जीभ धजावेना. स्वतःबद्दल मात्र त्या आठ महिने तेच म्हणत होत्या.

“बरोबर कोण होतं?” मी विचारलं.

“पेत्र, याकोब, योहान.”

“त्यांना त्याने काय सांगितलं?”

बाई बोलता बोलता थांबल्या. सांगताना नेमकं तेच त्यांनी गाळलं होतं. “‘माझ्याबरोबर जागे राहा’ म्हणाला,” त्या सावकाश म्हणाल्या. मग एकदम, “आणि ते झोपले!” पहिल्यांदा हसल्या माझ्यासमोर.

“झोपले. पण त्याने मागितलं तर होतं. तुम्ही कुणाला म्हणालात, माझ्याबरोबर जागे राहा म्हणून?”

कुणालाच नाही. पुण्यातल्या मुलाला ‘पप्पा बरे आहेत’ एवढंच सांगितलेलं. रविवारच्या त्या रात्रीचं त्याला माहीतच नव्हतं. पाळकसाहेबांनी तरुण संघातली दोन मुलं गाडीसाठी देऊ केली होती, ‘नको, जमतंय’ म्हणून परत पाठवलेली. शेजारणीने डबा आणला तर दुसऱ्या दिवशी तोच डबा शिऱ्याने भरून परत, म्हणजे उपकार राहायला नको. खर्च सरकारी योजनेत बसत होता, पैशाची तशी ओढाताण नव्हती. दुसऱ्याचं घेणं मात्र त्यांना जमत नव्हतं. “आयुष्यभर आम्ही लोकांच्या घरी गेलो हो,” त्या म्हणाल्या. “आजाऱ्यांना भेटायला, प्रार्थनेला, डबे घेऊन. आता लोकांनी आमच्या घरी यायचं?”

मला त्या वाक्याशी बराच वेळ थांबावंसं वाटलं. मी पाळकाची मुलगी, हा ताठा मी घरात पाहिलेला आहे. तो सेवेच्या कपड्यांत वावरतो म्हणून ओळखू येत नाही. देणाऱ्याचा हात वर असतो. घेताना तो खाली येतो, आणि ते खाली येणं आपल्याकडच्या भल्या माणसांना जड जातं. बाईंनी सगळं प्रभूवर सोपवलं होतं, पण एक गुरुवार शेजारच्या पोरावर सोपवला नव्हता.

बाईंनी तीस वर्षं मराठी शिकवलेलं, म्हणून मी पेत्राचं पहिलं पत्र काढलं. पाचवा अध्याय, सहावं आणि सातवं वचन. आपल्या छापील शास्त्रात ही दोन स्वतंत्र वाक्यं दिसतात: देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा, आणि आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका. मूळ ग्रीकमध्ये दुसरं क्रियापद पहिल्याला टांगलेलं आहे, धातुसाधिताच्या रूपात. मराठीत ते ‘टाकून’ असं होईल. चिंता त्याच्यावर टाकून लीन व्हा. बाईंनी चष्मा सारखा केला. “म्हणजे टाकणं हीच लीनता?” त्यांनी विचारलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर तो ‘टाकून’ शब्द लिहून ठेवला.

दोन आठवड्यांनी त्या चिडून आल्या. मुलाला सगळं सांगितल्याचं महिला मंडळात बोलल्या, तर एक बहीण म्हणाली, पंडिता रमाबाईंचं बघा, मुलगी गेली तरी कुरकुरल्या नाहीत, शास्त्राचं भाषांतर करत राहिल्या. मोठ्या माणसांची दुःखं अशी छडीसारखी वापरलेली मला आवडत नाहीत. मनोरमा १९२१मध्ये गेली, पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, हे खरं. रमाबाईंनी एकटीने रात्री किती अश्रू ढाळले, हे त्या बहिणीला कुणी सांगितलं? आणि एकटीने म्हणावं तर केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये त्या शास्त्राचे खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या तिथल्याच बायका होत्या. खुद्द मनोरमा इतकी वर्षं आईचा उजवा हात होती. रमाबाईंनी कामाला हात मागितले होते, ते एवढं वाचलं की दिसतं.

बाईंना मी आणखी एक काम दिलं: अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सरांबरोबर मोठ्याने वाचायचं आणि शेवटी काही गोड जोडायचं नाही. ते स्तोत्र अंधारातच संपतं. देवाला इतकं कडू बोलता येतं, आणि ते शास्त्रात ठेवलंय, याचं सरांना जास्त नवल वाटलं. त्या रात्री सर म्हणाले म्हणे, “मला मशीनची भीती वाटते गं. प्रत्येक खेपेला.” आठ महिन्यांत पहिल्यांदा. बाई भक्कम दिसाव्यात म्हणून ते गप्प, ते भक्कम दिसावेत म्हणून बाई गप्प, आणि दोघं मिळून रोज सकाळी ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’.

सर बरे झालेले नाहीत. बाईंना मधुमेह, त्यामुळे त्यांची किडनी देण्याचा विचार डॉक्टरांनी तिथेच थांबवला. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे. बाई अजूनही रात्री एकदा उठतात, एकदाच. पौलानेही शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं होतं, काटा राहिला. हे मी बाईंना सांगितलं नाही, त्यांनीच मला सांगितलं, चहा पिताना, इतक्या साधेपणाने की मी पुढे काही विचारलं नाही.

परवाच्या भेटीला त्या वही घेऊन आल्या होत्या. आता दुसरी वही चालू आहे. मंगळवार तरुण संघातला एक मुलगा नेतो, शनिवारी मुलगा पुण्याहून येतो, गुरुवार बाईंचा. पानावर तीन वेगळी अक्षरं. मंगळवारच्या रकान्यावर त्या मुलाने ‘वजण’ असं लिहिलं होतं, आणि बाईंनी लाल पेनने ‘ण’ खोडून वर ‘न’ केला होता.