बंबासाठी लाकूड कसं फोडावं?

प्रश्न : आमच्या घरी (ता. राजापूर) आंघोळीचं पाणी बंबावर तापतं. आई पासष्टीची आहे, कुऱ्हाड उचलताना तिचा हात थरथरतो. हाताने चालणारं कोणतं साधन घ्यावं?

उत्तर : ताई, आधी आईंच्या हातातली कुऱ्हाड काढून घ्या. माझ्या आईने असंच अंगठ्याचं पेर गमावलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

ढलप्यांसाठी लोखंडी कडं आणि त्यात उभं, धार वर केलेलं पातं असलेलं साधन घ्या. ओंडका कड्यात उभा ठेवून वरून हातोडा मारायचा. धार जागची हलत नाही. आईचं बोट कापलेलं पाहून न्यूझीलंडच्या आयला हचिन्सन या शाळकरी मुलीने असंच साधन बनवलं होतं. हातोडा दोन किलोचा पुरे, त्याहून जड नको.

फणसाचा, आंब्याचा जाड बुंधा मात्र त्यात मावायचा नाही. त्याला पोलादी पाचर आणि घण, आणि तेही तरण्या माणसाने. पाचर मध्यावर नको, आधीच्या चिरेत बसवा. गाठीचं लाकूड बाजूला ठेवा, ते अख्खंच जळू दे. पाचरीचं डोकं फुलारलं की घासून घ्या. त्याची कपची उडून डोळ्यात जाते.