फंकी म्हणजे भडक नव्हे

‘सिमांदे हा लंडनचा फंक बँड म्हणतात, पण त्यांचं “डव्ह” हे गाणं तर किती संथ आहे! ते फंकी कसं?’ असा प्रश्न आला आहे. त्यामागचा घोटाळा मी रोज ऐकतो. फुलाफुलांचा शर्ट फंकी, निळे केस फंकी, मोबाइलचं कव्हर फंकी! फंक हे ठेक्यावर चालणारं आफ्रिकी-अमेरिकी संगीत, पण हा रंगाचा शब्दच नाही. तो वासाचा आहे.

‘घाबरगुंडी’ हा अर्थ कोशात सापडेल, तो इथे कामाचा नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजीत फंक म्हणजे कोंदट जागेतला दर्प, तंबाखूच्या धुराचा कुबट वास. हा शब्द बहुधा फ्रेंच बोलींतून आला. त्याच्यामागे लॅटिनमधलं धूर करण्याचं क्रियापद, आणि त्याच्याही मागे ‘फूमुस’ म्हणजे धूर. हा फूमुस आणि संस्कृत ‘धूम’ सख्खे भाऊ! त्याच धूमाच्या घरातलं आपलं ‘धुमसणं’. फंकला मराठीत याहून चपखल शब्द मला सापडलेला नाही. ज्वाळा नाही, भडका नाही, पण आच हटत नाही.

आफ्रिकी कलेचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी मात्र मध्य आफ्रिकेतल्या किकोंगो भाषेतल्या ‘लु-फुकी’कडे बोट दाखवलं. म्हणजे घामाचा वास, आणि तोही मेहनती माणसाच्या कौतुकाचा. या शिव्यावजा शब्दाची शाबासकी कशी झाली, हे त्यातून छान उलगडतं. तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण शब्दाचा जन्मच तिथला, असं जे सांगत सुटतात त्यांनी इंग्रजीतल्या 1620च्या दशकातल्या नोंदीचं काय करायचं तेही सांगावं. 1900च्या आसपास न्यू ऑर्लीन्समध्ये जॅझच्या सुरुवातीच्या वादकांपैकी बडी बोल्डन कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य वाजवायचा, तेव्हाही फंकी म्हणजे गच्च भरलेल्या नाचघरातली घामट हवाच होती.

आता सिमांदे. पॅट्रिक पॅटरसन आणि स्टीव्ह सिपिओ हे दोघे मूळचे गयानाचे. 1971मध्ये त्यांनी लंडनमधल्या कॅरिबियन वादकांना जमवून बँड उभा केला. नाव घेतलं कॅलिप्सो या कॅरिबियन गाण्यांतल्या कबुतराच्या शब्दावरून. 1972 ते 1974 या काळात तीन अल्बम निघाले. ‘द मेसेज’ हे गाणं अमेरिकेत चाललं, घरच्या ब्रिटनने मात्र ढुंकून पाहिलं नाही, आणि बँड थांबला. दोघेही पुढे वकील झाले. इकडे हिप-हॉपवाल्यांनी त्यांच्या तबकड्या हुडकून काढल्या. डे ला सोलने 1989मध्ये त्यांच्या ‘ब्रा’ गाण्याचा तुकडा आपल्या गाण्यात घेतला, फ्यूजीजनी 1996मध्ये ‘डव्ह’चा.

ते ‘डव्ह’ जवळजवळ अकरा मिनिटं चालतं. सिपिओची बेस गिटार घाई करत नाही, काँगा हे हाताने वाजवायचे ढोल मागून हलकेच ढोसत राहतात, गिटार मध्येच वर येऊन पुन्हा विरते. धुमसणं ते हेच, आणि म्हणून ते पुरेपूर फंकी आहे. त्यांनी स्वतः मात्र आपल्या संगीताला ‘न्याह-रॉक’ म्हटलं. त्यातलं न्याह जमैकातल्या रास्तफारी या धार्मिक पंथाच्या लोकांच्या न्याबिंगी ढोलवादनाकडे नेतं.