कंपालाची ऑफर, आठ देशांचा बाजार आणि एका देशाचं परमिट

नमस्कार. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: जळगावात पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहात. कंपालाजवळच्या एका कारखान्याने महिना 1,800 डॉलर, राहायला घर आणि वर्षाला एक तिकीट देऊ केलंय. पत्नी बीकॉम आहेत, त्यांनाही तिथे नोकरी करायची आहे. आणि कुणीतरी सांगितलंय की पूर्व आफ्रिकेचा आता एकच बाजार झालाय, तेव्हा कंपाला नाही जमलं तर नैरोबी किंवा दार-एस-सलाम गाठता येईल.

हा शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो डोक्यात ठेवून होकार दिलात तर फसाल. ईस्ट आफ्रिकन कम्युनिटीत आज आठ देश आहेत: केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, 2022 पासून काँगो आणि 2024 पासून सोमालिया. 2005 मध्ये सीमाशुल्क संघ झाला, 2010 मध्ये सामायिक बाजाराचा करार लागू झाला. त्या करारात कामगारांच्या ये-जा करण्याची जी सवलत आहे ती या देशांच्या नागरिकांना. भारतीय पासपोर्टवाल्याला तिचा काडीचा उपयोग नाही. युगांडाचं वर्क परमिट युगांडापुरतं, आणि तेही त्याच मालकापुरतं. नैरोबीत नोकरी धरायची तर तिथल्या कंपनीने तुमच्यासाठी नव्याने केनियाचं परमिट काढायचं, हे काम करायला स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवून. कंपालातच समोरच्या कारखान्यात जायचं तरी परमिट नवं. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून जो 100 डॉलरचा पर्यटक व्हिसा मिळतो, त्यावर काम करता येत नाही. टांझानिया तर त्यात नाहीच.

नागरिकांनासुद्धा हा बाजार पुरता खुला नाही. जुलै 2025 मध्ये टांझानियाने परदेशी लोकांना पंधरा प्रकारचे छोटे धंदे बंद केले: मोबाइल दुरुस्ती, मोबाइल मनी, सलून, टूर गाइड वगैरे. केनियावाले त्यावर चिडले, कारण शेजाऱ्यांनाही त्यातून सूट नव्हती. केनियाने 2021 च्या मार्चमध्ये युगांडा आणि टांझानियाचा मका अफ्लाटॉक्सिनचं (बुरशीच्या विषाचं) कारण देऊन अडवला होता. युगांडाचं दूध आणि साखर यांवरूनही अधूनमधून जुंपते. सामायिक चलनाचा करार 2013 मध्ये झाला, मुदत 2024 ची होती, ती आता 2031 वर गेली आहे. म्हणजे तुमच्या पगाराच्या काळात तरी प्रत्येक देशाचं चलन वेगळंच राहणार.

आता तुमचा कारखाना तिथे का चालतो ते बघा, कारण तुमची नोकरी त्यावर टिकणार आहे. संघाबाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं एकच जकातपत्रक आहे: कच्चा माल आणि यंत्रं शून्य टक्के, अर्धवट तयार माल 10, तयार माल 25, आणि 1 जुलै 2022 पासून या भागात पुरेसं बनतं अशा तयार मालावर 35. कच्चा माल स्वस्तात येतो आणि बाहेरचा तयार माल महाग पडतो, या फरकावर इथला पाइप, पत्रा, साबण, बिस्किट असा सगळा उद्योग उभा आहे. यात मेख अशी की दरवर्षी जूनअखेर कुठला ना कुठला देश काही वस्तूंपुरता सामायिक दर बाजूला ठेवून आपला वेगळा दर लावतो, आणि तो बहुधा एक वर्षापुरता असतो. मालक जूनमध्ये अस्वस्थ दिसला तर कारण हे असतं. मुलाखतीत बिनधास्त विचारा की माल कुठे जातो. नुसता युगांडात खपत असेल तर ठीक. मोठा हिस्सा पूर्व काँगोत किंवा दक्षिण सुदानात जात असेल तर धंदा खालीवर होणार: 2025 च्या जानेवारीत गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू ही पूर्व काँगोतली शहरं एम-23 या बंडखोरांच्या हाती गेली, तेव्हा तिकडे माल पाठवणाऱ्यांची उधारी अडकली.

युगांडाला समुद्र नाही. रेझिन, म्हणजे पाइपचा कच्चा माल, केनियाच्या मोंबासा बंदरात उतरतं, तिथून ट्रकने नैरोबी, मालाबाची सीमा आणि मग कंपाला, 1,100 ते 1,200 किलोमीटर. 2014 पासून युगांडाची जकात माल मोंबासा सोडण्याआधीच भरून होते आणि कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं, त्यामुळे सीमेवरचा वेळ पुष्कळ कमी झालाय. पण मार्ग मुख्यतः एकच. 2008 च्या सुरुवातीला केनियात निवडणुकीनंतर दंगली झाल्या तेव्हा कंपालात पेट्रोल मिळेना. म्हणून इथे रेझिन, स्टॅबिलायझर आणि सुटे भाग यांचा साठा जळगावपेक्षा कितीतरी जास्त ठेवावा लागतो. स्क्रू-बॅरल बिघडलं तर संध्याकाळपर्यंत राजकोटहून येणार नाही. कित्येक आठवडे लाइन बंद राहू शकते. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात साठ्यात काय आहे याची यादी करा. हीटर बँड, थर्मोकपल, गिअरबॉक्सचे सील, डायचे बोल्ट यांसारख्या शंभर रुपयांच्या वस्तूंनीच लाइन अडते.

आणि लाइट. 600 मेगावॉटचं करुमा धरण 2024 मध्ये सुरू झालं, युगांडात वीज तयार होते पुष्कळ. घोळ आहे तो तारांमध्ये. वितरण 31 मार्च 2025 पर्यंत एका खासगी कंपनीकडे होतं, आता सरकारी कंपनीकडे आहे. लाइट क्षणभर गेली तरी पीव्हीसीवाल्याचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको: स्क्रू थांबतो, बॅरल 180-190 अंशांवर तापलेलं, आतला माल करपायला लागतो, हायड्रोक्लोरिक आम्लाचा वाफारा सुटतो, डायला गंज धरतो आणि पुढचा तासभर पाइपवर काळे डाग. तेव्हा कंपनीला विचारा: जनरेटर पूर्ण लाइन ओढतो की फक्त दिवे आणि चिलर? बदली आपोआप होते की वॉचमन जाऊन हँडल फिरवतो? पर्जिंग कंपाउंड (बॅरल साफ करायचा माल) साठ्यात असतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘वॉचमन’ असेल तर भंगाराचं खापर शिफ्ट इन्चार्जवर फुटणार हे गृहीत धरा, आणि उत्पादनाच्या टार्गेटवर बोनस असेल तर तो कागदावरचाच समजा.

आता पगार. ऑफर लेटरमध्ये 1,800 डॉलर ‘ग्रॉस’ आहेत की ‘नेट’, हा एकच शब्द महिन्याला 600 डॉलरचा आहे. हिशोब करून दाखवतो, डॉलरला 3,600 शिलिंग धरून. 1,800 डॉलर म्हणजे 64.8 लाख शिलिंग. युगांडात महिन्याच्या 4,10,000 शिलिंगपर्यंतच्या उत्पन्नावर एकूण 25,000 कर, त्यावरच्या रकमेवर 30 टक्के, आणि एक कोटी शिलिंगच्या वर आणखी 10 टक्के. तुमचा कर झाला 18,46,000. एनएसएसएफ, म्हणजे आपल्या पीएफसारखं, 5 टक्के तुमचं: 3,24,000. हातात उरले 43.1 लाख, म्हणजे साधारण 1,200 डॉलर. घर कंपनीचं असेल तर त्याचंही मूल्य उत्पन्नात धरतात, म्हणजे अजून थोडं कमी. उलट 1,800 नेट हातात द्यायचे तर कंपनीला पगार दाखवावा लागतो साधारण 2,730 डॉलर, आणि त्यावर स्वतःचं 10 टक्के एनएसएसएफ धरून खर्च जातो 3,000 पर्यंत.

या 3,000 मुळेच इथे एक जुनी पद्धत रुळली आहे: कागदावर 700-800 डॉलर, बाकीचे ‘भारतात तुमच्या खात्यावर रुपयांत’. अनेक मालक हे सवलत दिल्यासारखं सांगतात. घेऊ नका. उद्या भांडण झालं तर कायद्याच्या नजरेत तुमचा पगार 700. एनएसएसएफ 700 वर. युगांडाच्या करखात्याने पकडलं तर परमिट धोक्यात. आणि भारतात थेट जमा होणारा पगार अनिवासी माणसालाही करपात्र ठरू शकतो, कारण तो भारतात ‘मिळाला’. पूर्ण पगार युगांडातल्या बँकेत घ्या, डॉलर खातं उघडा, तिथून स्वतः घरी पाठवा. परकीय चलनावर युगांडात निर्बंध नाहीत, टांझानियाच्या तुलनेत हे त्यांचं मोठं बळ. एनएसएसएफचा नंबर घ्या आणि दरवर्षी उतारा काढून ठेवा. देश कायमचा सोडताना पैसे मागता येतात, पण मालकाने भरलेच नसतील तर मागणार काय?

भारताच्या बाजूने तारीख महत्त्वाची. नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर अनिवासी. म्हणजे 28 सप्टेंबरच्या आत विमानात बसलात तर ते वर्ष सुटलं. नोव्हेंबरात गेलात तर त्या वर्षीचा युगांडाचा पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवायचा. दोन्ही देशांत करार आहे, तिथे भरलेला कर वजा मिळतो, पण पावत्या हव्यात. बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं) करून घ्या आणि पगारासाठी एनआरई (परदेशी कमाईचं खातं) उघडा. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही.

कागदपत्रं निघण्याआधी करा. पदवी किंवा डिप्लोमाचं साक्षांकन (आधी राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय), पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स, अनुभवाची पत्रं लेटरहेडवर. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर भारतात परत उतरताना विलगीकरणात सहा दिवस काढावे लागू शकतात. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बदलू’ असं कंपनी म्हणाली तर निदान स्पेशल पास (परमिट येईपर्यंतचा तात्पुरता परवाना) तरी हातात येईपर्यंत कारखान्यात पाय ठेवू नका. धाड पडली की दंड आणि परत पाठवणी कामगाराची होते. परमिटसाठी पासपोर्ट दिलात तर पोच घ्या आणि शिक्का बसताच परत मागा. ‘सुरक्षित ठेवतो’ हे उत्तर चालवून घेऊ नका. परमिटची फी कोण भरणार, आणि तुम्ही मध्येच सोडलं तर ती पगारातून कापणार का, हे करारात लिहून हवं.

पत्नीचं: डिपेंडंट पासवर (तुमच्या परमिटच्या आधारे कुटुंबाला मिळणाऱ्या पासवर) नोकरी करता येत नाही. त्यांना स्वतःचं परमिट लागेल, म्हणजे स्वतःचा मालक. हिशोबनीस भारतीय कंपन्यांना हवे असतात, पण स्थानिक बीकॉम मुबलक आहेत, त्यामुळे परमिट खात्याला पटवणं अवघड. टॅली आणि युगांडाचा ई-इनव्हॉइस दोन्ही येणाऱ्याला संधी जास्त. पहिलं वर्ष एका पगारावर धरून चला.

नैरोबी किंवा दारची ऑफर पुढे आलीच तर दोन शब्द. केनियात वरचा कर 35 टक्के, शिवाय आरोग्य निधी 2.75 आणि घरबांधणी वर्गणी 1.5 टक्के, दोन्हीला वरची मर्यादा नाही. तिथला शिलिंग 2024 च्या सुरुवातीला डॉलरला 160 पर्यंत पडून महिन्याभरातच बराच सावरला. पगार शिलिंगमध्ये असेल तर अशा झोक्याचा भार तुमच्यावर. टांझानियात वरचा कर 30 टक्के, पण एनएसएसएफला तुमच्या वाट्याचे सहसा 10 जातात, आणि वर्क परमिट कामगार खात्याकडून, निवास परमिट इमिग्रेशनकडून, असे दोन दरवाजे. 2025 पासून तिथे देशांतर्गत व्यवहार डॉलरमध्ये करता येत नाहीत. दक्षिण सुदानला ‘थोडे दिवस साइटवर’ पाठवतो म्हणाले तर तो आपल्या सरकारच्या इमिग्रेशन चेकच्या यादीतला देश आहे, म्हणजे तिथे कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागू शकते, हे ध्यानात ठेवा.

सामानात प्लास्टिक पिशव्या भरू नका. पाइपवाल्याला हे विचित्र वाटेल, पण रवांडात 2008 पासून, केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून त्यांवर बंदी आहे. विमान बदलताना वा फिरायला जाताना अडचण नको. डॉलरच्या नोटा नव्या आणि शंभराच्या घ्या. जुन्या किंवा लहान नोटांना कमी भाव मिळतो. प्लग तीन चौकोनी पिनांचा. युगांडात फेसबुक 2021 च्या निवडणुकीत अडवलं गेलं, त्यावर भिस्त ठेवू नका आणि घरच्यांना ते आधीच सांगा.

मलेरिया कंपालात खराखुरा आहे. मच्छरदाणी वापरा, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा, क्रोसिन घेऊन शिफ्ट काढू नका. सुटीवर जळगावला आल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की युगांडातून आलोय. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात घातक प्रकारचा, असतो, आणि व्हायरल समजून तीन दिवस वाट पाहिली तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो.