गुडमार चावला, आता गोळी बंद करू का?

प्रश्न : आईला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. गुडमारचं पान चावल्यावर गूळ मातीसारखा लागतो, म्हणजे साखर मारली गेली, असं शेजारी सांगतात. गोळ्या कमी कराव्यात का?

उत्तर : मारली जाते ती जिभेवरची गोडी. पानातली जिम्नेमिक आम्लं गोड चव ओळखणाऱ्या पेशींना अडवतात. अर्धा-पाऊण तास गोड कळत नाही. गूळ पोटात जाऊन नेहमीसारखाच पचतो.

गुडमारच्या पानांच्या अर्काने रक्तातली साखर थोडी उतरू शकते, पण पुरावा तोकडा आहे. मद्रासच्या १९९० सालच्या अभ्यासात २२ रुग्णांना गोळ्यांसोबतच रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला. काहींच्या गोळ्या घटल्याही. मात्र अर्क कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. तेवढ्यावर गोळी सोडू नये.

धोका खरं तर उलट बाजूने आहे. ग्लिमेपिराइड मुळातच साखर खाली ओढतं, त्यात अर्काची भर पडली की घाम, थरथर, धडधड. मीटरवर ७०च्या खाली आकडा आला तर सपाट ३ चमचे साखर (साधारण १५ ग्रॅम) पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. नुकतंच पान चावलेलं असेल तर ते पाणी गोड लागणार नाही, तरी प्यायलाच हवं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. अर्क घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. डोस कमी करायचा की नाही, ते आकडे पाहून तेच ठरवतील.

प्रश्न : एका वनस्पतीच्या पानांच्या अर्काने उंदरांचं वजन घटलं, मात्रा किलोमागे २०० मिलिग्रॅम, असं बातमीत वाचलं. माझं वजन ६० किलो. म्हणजे १२ ग्रॅम पानं उकळू का?

उत्तर : हिशेब दोन ठिकाणी चुकतो. माणसासाठी रॅटची (मोठ्या उंदराची) किलोमागची मात्रा सुमारे ६ने भागतात, माऊसची (लहान उंदराची) १२ने. रॅट धरला तर तुमच्यासाठी २ ग्रॅमच्या आत येते. पण ही मात्रा अर्काची. १०० ग्रॅम सुक्या पानांतून १० ग्रॅम अर्क निघाला असं धरलं, तर सुकी पानंच १९ ग्रॅम लागतील. शिवाय अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. पाण्यात उकळून तीच द्रव्यं त्याच प्रमाणात उतरत नाहीत. बातमीत पानाचं नाव आणि द्रावक (अर्क ज्यात काढला तो द्रव) दिलेला नसेल, तर मात्रेचा आकडा निरुपयोगी समजा.