गोळी सुरू केलीस ना, मग एवढं ऐक

डिप्रेशनवरच्या या एस्सिटालोप्रामला दहा दिवस झाले आणि फरक नाही म्हणून सोडू नकोस रे, प्लीज. मीपण पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि पूर्ण महिना पुन्हा अंथरुणात गेला. ही गोळी मेंदूतल्या पेशींना सेरोटोनिन (मूडशी संबंध असलेलं रसायन) परत ओढून घेऊ देत नाही, ते काम काही तासांतच सुरू होतं, पण मूड सुधारायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात कारण पेशींना त्या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. मळमळ मात्र आधी येते, कारण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं. जेवणानंतर घेऊन बघ, बहुतेकांची आठवड्या-दोन आठवड्यात जाते.

मित्राला व्हेन्लाफॅक्सिन ही डिप्रेशनवरची दुसरी गोळी दिली तर मला का नाही, असं विचारलंस. ती नॉरएपिनेफ्रिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावरपण काम करते, अशाच गोळ्यांपैकी बुप्रोपियॉन तर सेरोटोनिनला जवळपास हातच लावत नाही, आणि मिर्टाझापिनने झोप आणि भूक दोन्ही वाढतात. कुणाला काय लागू पडेल हे डॉक्टरच बघणार, मित्राची गोळी घेऊ नकोस. अचानक बंदही करू नकोस, चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. आणि सुरुवातीला बेचैनी वाढली, जीव द्यावासा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, रात्र असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव.