जॉइसच्या ‘अ पेनफुल केस’मधला डफी क्रूर आहे का? मिसेस सिनिकोच्या मृत्यूला तो जबाबदार आहे का?

क्रूर म्हणणार नाही. जबाबदार मात्र म्हणेन, निदान काही अंशी.

ही कथा जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ (1914) या संग्रहातली. डफी डब्लिनमधल्या एका खाजगी बँकेत कॅशियर आहे. ठरलेली वेळ, ठरलेली खाणावळ, ना मित्र ना गोतावळा. स्वतःच्या देहापासूनही तो जरा लांबच राहतो, असं जॉइस सांगतो. स्वतःविषयी मनात वाक्यं जुळवतो तीही तृतीयपुरुषी आणि भूतकाळी, म्हणजे जिवंतपणीच स्वतःचा मृत्युलेख.

मैफलीत ओळख झालेल्या मिसेस सिनिकोशी मात्र तो तासन् तास बोलतो, तिला पुस्तकं वाचायला देतो. एके रात्री ती त्याचा हात ओढून गालाशी धरते आणि हा सगळं तोडून टाकतो. मला इथे निर्दयपणा दिसत नाही, भीती दिसते. ऐकून घेणारं माणूस त्याला हवं होतं. त्या माणसालाही काही हवं असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

तुमचा प्रश्न डफीभोवती फिरतो, पण मला ही कथा तिची वाटते. मी दापोली तालुक्यातली. आमच्या किनारपट्टीवर पुरुषमाणसं बोटीवर असलेली घरं पुष्कळ. सिनिकोबाईंचा नवरा डब्लिन–हॉलंड जहाजाचा कप्तान आहे, हा तपशील मला म्हणूनच मोठा वाटतो. आमच्याकडे अशा बाईला ‘तुला गो काय कमी आहे?’ एवढंच विचारतात. पैसे येतात, चिऱ्याचं नवं घर उठतं, मुलं इंग्रजी शाळेत जातात. दिवेलागणीनंतर ती बोलते कोणाशी, हे कोणी विचारत नाही. सिनिकोंकडे तर त्याहून वाईट: डफी येतो तो आपल्या मुलीसाठी, असं कप्तान धरून चालतो. बायकोत कुणाला रस वाटेल, हे त्याच्या मनाला शिवतच नाही.

चार वर्षांनी डफी जेवताना पेपरात वाचतो की सिडनी परेड स्टेशनावर रूळ ओलांडताना ती गाडीखाली आली. जॉइस तो सगळा वृत्तान्त पेपरच्याच भाषेत देतो. जखमा, साक्षी, रात्री दारू आणायला बाहेर पडायची सवय, आणि शेवटी कोणाकडेच दोष नाही हा निर्वाळा. आपल्यालाही तो डफीइतकंच लांब उभं करतो. कथेचं खरं कसब मला इथे दिसतं.

डफीला आधी किळस येते, तिने आपल्यालाही खाली ओढलं असं वाटतं. त्यावरून तुम्ही त्याला क्रूर म्हणत असाल तर मी समजू शकते. पण त्याच रात्री दारूच्या गुत्त्यात बसला असताना तिचं रोजचं एकटं बसणं त्याला पहिल्यांदा कळतं, आणि मग फीनिक्स पार्कात तिला आपण जगणं का नाकारलं, असं तो स्वतःला विचारतो.

तो अपघात होता की आत्महत्या, हे जॉइस सांगत नाही. माझ्या मते डफीची जबाबदारी त्यावर ठरतही नाही. ती पिऊ लागली ती मरणाआधी साधारण दोन वर्षं, असं तिचा नवरा साक्षीत सांगतो. म्हणजे डफीने तोडल्यावर बराच काळ ती तशीच निभावत होती. त्या काळात याने एकदाही चौकशी केली नाही. उलट ती समोर येईल म्हणून मैफलींना जाणंच सोडलं. मी त्याला जबाबदार धरते ती एवढ्यासाठी.